कूलर झिणझिण करते, मामाजी म्हणतात चाळीस वर्षांत काई झालं नाई

दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, कामाचं तेवढं इथं देतो:

"घर सासऱ्यांनी बांधलेलं. समोरचा भाग मातीचा, वर कवेलू. मागे २०११ साली दोन खोल्या स्लॅबच्या काढल्या. समोर अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग अन् चिनीमातीचे फ्यूज आहेत. मागच्या उन्हाळ्यात कूलरला हात लागला की झिणझिण यायची, प्लग उलटा लावला की थांबायची. आता मुलाला गिझर पाहिजे, पुढच्या वर्षी एसी. वायरमन पाहून गेला, म्हणे सगळी वायरिंग काढा, ६५ हजार. भाऊजी म्हणतात एवढं कशाले, फ्यूज काढून एमसीबी बसवा. मामाजी म्हणतात चाळीस वर्षांत काई झालं नाई. कापूस विकून यंदा २५ हजारांच्या वर काही निघत नाही. काय करावं?"

ताई, नमस्कार. गिझर, एसी, ६५ हजार हे सगळं थोडं बाजूला ठेवू, पहिले त्या कूलरचं बोलू. तुम्ही ते मधातच एका ओळीत सांगून पुढे निघून गेल्या, पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तेवढीच गोष्ट अशी आहे की जिच्यावर पैसे यायची वाट पाहत बसता येत नाही.

प्लग उलटा लावता येते म्हणजे तुमच्या कूलरला दोन पिनचा प्लग आहे, हे मी घर न पाहता सांगतो, कारण तीन पिनचा उलटा लागतच नाही. आता होते काय की कूलरच्या मोटरीत नाहीतर पाण्याच्या पंपात कुठंतरी वायंडिंगचं इन्सुलेशन, म्हणजे तारेच्या गुंडाळीवरचं आवरण, ओलं झालं आहे, खराब झालं आहे, अन् तिथून करंट पत्र्यावर उतरून राह्यला. प्लग एका बाजूनं लावला तर ती खराब जागा फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेच्या, जवळ पडते अन् पत्रा अंगावर येतो, उलटा लावला की तीच जागा न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, जवळ जाते अन् पत्रा चूप बसतो. आजार तसाच आहे, फक्त कण्हणं थांबलं. अन् कोणी सांगावं, उलटा लावल्यावर कूलरचं स्वतःचं बटण न्यूट्रलमध्ये आलं असेल, म्हणजे बटण बंद, पंखा बंद, पण मोटरीत फेज बसलेलाच, अन् कोणीतरी बटण बंद आहे म्हणून निवांत बादलीनं पाणी टाकून राह्यलं.

झिणझिण हलकी होती कारण पायात चप्पल असेल, फरशी कोरडी असेल. तोच कूलर, तोच पत्रा, पण अनवाणी पाय अन् खाली सांडलेलं पाणी असलं की ती झिणझिण राहत नाही, हात चिकटून बसतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पेपरात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात त्यातले बरेच कूलर आठ-दहा दिवस आधीपासून झिणझिण करतच असतील, कोणी मनावर घेत नाही.

म्हणून आजपासून दोन गोष्टी. पाणी टाकताना, टाकी पुसताना, खस बदलताना प्लग पूर्ण काढायचा, नुसतं बटण नाही, कारण जुन्या पट्टीच्या वायरिंगमध्ये बटण फेजवर आहे का न्यूट्रलवर याचा काही भरवसा नसतो. अन् कूलर खिडकीत बाहेरून लावला असेल तर आंगणातून लेकरं, गाईढोरं त्याला लागतात का ते पहा. पुढच्या उन्हाळ्याआधी मोटर-पंप दुकानात नेऊन तपासून घ्या अन् कूलरला तीन तारांची केबल, तीन पिनचा प्लग लावून घ्या. हिरवी तार, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची, आतल्या बॉडीला नटबोल्टनं, रंग खरवडून पक्की. रंगावर बोल्ट आवळला तर तो दिसायला पक्का दिसते पण करंट नेत नाही.

पण तीन पिनच्या प्लगला भिंतीतली तिसरी पिन खरी पाह्यजे ना, अन् तुमच्यासारख्या घरात गाडी इथंच अडते. सॉकेट तीन भोकाचं दिसते, मागून खोललं की वरच्या मोठ्या भोकाला तारच नाही. नाहीतर त्याहून वाईट, एक बारकी तार तिथून सरळ न्यूट्रलला मारलेली. मी लपवत नाही, उमेदवारीच्या काळात मी स्वतः हे केलं आहे. एका घरी नवा फ्रिज आला, अर्थिंग नव्हतं, मालक म्हणाला आजच चालू करून दे, मी सॉकेटमध्येच न्यूट्रल अन् अर्थ जोडून दिला. चालला, मस्त चालला. पावसाळ्यात वारावावधन झालं, त्यांच्या खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला अन् फ्रिजमधून आलेला फेज त्या जोडातून फ्रिजच्याच दारावर जाऊन बसला. घरच्या बाईनं दार धरलं अन् ती मागे फेकली गेली, मनगट मोडलं पण वाचली. त्या दिवसापासून मी असला जोड पाह्यला की पहिले तो कापतो, मग नमस्कार-चमत्कार. तुमच्या वायरमनला एवढं जरूर विचारा की आमच्या सॉकेटमधली तिसरी तार शेवटी कुठं जाते, अन् त्यानं बोट दाखवत अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नेऊन दाखवलं पाह्यजे.

याच्याच भावकीतली दुसरी गोष्ट, न्यूट्रल गेला की जमिनीत सळाख ठोकून अर्थिंगवर लाईट चालवणं. गावागावात चालते. त्यात घरातला सगळा करंट त्या सळाखेतून जमिनीत जातो, आजूबाजूची ओली जमीन भारली जाते, अन् ढोरांचे पुढचे पाय अन् मागचे पाय यांच्यात अंतर जास्त म्हणून माणसाआधी ढोर पडते. तुमच्याकडे कोठ्याजवळ अशी सळाख ठोकलेली असेल तर उपटून फेका, न्यूट्रल गेला असेल तर १९१२ वर फोन लावा, लाईनमनचा नंबर असेल तर त्याला बोलवा, एक रात्र अंधारात गेली तरी चालेल.

खरं अर्थिंग म्हणजे खड्डा. नियमानं तुमचा स्वतःचा वेगळा इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत गाडलेला पाईप, पाह्यजे, खांबावरून आलेल्या तारेच्या भरवशावर राहायचं नाही. आयएस ३०४३ या भारतीय मानकात याचं सगळं लिहून आहे, आपल्या कामाचं एवढंच की जीआय पाईप कमीत कमी अडीच मीटर लांब, आतून ३८ मिलीमीटर, अन् भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाईपाला सोडून देते, अन् कूलर नेमका तेव्हाच चालू असतो. म्हणून खड्डा न्हाणीच्या किंवा धुण्याच्या पाण्याच्या वाटेवर घ्या अन् वर नरसाळं ठेवून उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या ओता. अर्धा मीटरची सळाख ठोकून "झालं अर्थिंग" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता इथं एक फसवणूक होते, मुद्दाम कोणी करत नाही, पण होते. वायरमन काम झाल्यावर फेज अन् अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून दाखवते, बल्ब फक्क पेटतो, घरचे खूश. पण हिशेब करा. १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम. तुमचा खड्डा वाळलेला, रद्दी, समजा ५० ओहमचा आहे. तरी बल्बला २३० पैकी २१० व्होल्ट मिळतात अन् तो जवळपास पूर्ण पेटतो. अन् उद्या कूलरच्या बॉडीला फेज लागला तर त्या ५० ओहममधून करंट जाईल ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणाला, तर वाटेल कोणीतरी इस्त्री लावली आहे. ते पडणारच नाही, पत्र्यावर तसाच करंट उभा राहील, दिवसभर.

म्हणून भाऊजींचं म्हणणं अर्धं बरोबर अन् अर्धं धोक्याचं. एमसीबी वायरीला वाचवते, शॉर्ट झालं, लोड जास्त झाला तर पडते. माणसाला वाचवणं हे तिचं कामच नाही. त्यासाठी आरसीसीबी पाह्यजे, आपल्याकडे काही जण ईएलसीबी म्हणतात. ते करते काय, फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का एवढंच मोजत बसते. जरा कमी आला म्हणजे बाकीचा कुठंतरी गळून राह्यला, पत्र्यातून नाहीतर कोणाच्या अंगातून, की लगेच लाईन तोडते, सेकंदाच्या लहानशा भागात. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं पाह्यजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमावलीतही घरासाठी हाच आकडा आहे. दुकानदार कधी १०० चा नाहीतर ३०० चा काढून देते, दिसायला सारखाच असतो, म्हणून आकडा वाचून घ्या. वरच्या हिशेबातले ४.६ अँपिअर म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या दीडशेपट, आरसीसीबी त्याला उभंच राहू देत नाही. अन् खड्डा थोडा उन्नीस-बीस असला तरी ते आपलं काम करते, म्हणून जुन्या घरात मी याला पहिला नंबर देतो. चांगल्या कंपनीचा दोन हजाराच्या आतबाहेर येते. पण फक्त आरसीसीबी लावून एमसीबी सोडून देऊ नका, कारण त्याला लोडचं अन् शॉर्टचं काही कळत नाही, दोघंही पाह्यजेत.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. जुन्या घरात आरसीसीबी लावलं की ते पडते. लावल्या दिवशीच पडते, पावसात तर हमखास. माकडांनी कवेलू फोडलेले असतात, पाणी पट्टीवर उतरते, कुठं उंदरानं तार कुरतडलेली, कुठं दोन लाईनचा न्यूट्रल एकातएक केलेला, इन्व्हर्टरवाल्यानं न्यूट्रल भलतीकडून घेतलेला. मग घरचे वैतागतात अन् वायरमन म्हणते "तुमच्या घराले हे चालत नाई" अन् बाजूनं तार मारून ते बायपास करून जाते. तसं करू देऊ नका. ते पडते याचा अर्थ गळती आहे अन् ती सापडली पाह्यजे. माझा सल्ला, दोन घ्या, समोरच्या जुन्या भागाचं वेगळं अन् मागच्या दोन खोल्यांचं वेगळं. समोरचं पडलं तरी मागं उजेड अन् फ्रिज चालू राहील, अन् मग बायपास करायची घाईही होणार नाही. त्यावर टेस्टचं एक बटण असतं, बिल आलं की महिन्यातून एकदा लाईन असताना ते दाबून पाहायचं, खटकन पडलं तर ठीक.

मामाजींचं राह्यलं. त्यांना खोटं पाडायची गरज नाही, ते खरंच बोलून राह्यले. चाळीस वर्षांआधी घरात होतं काय, ६० चे चार बल्ब अन् एक पंखा, सगळे मिळून ३०० वॅटच्या आसपास, सव्वा-दीड अँपिअर. त्या वायरिंगनं तेवढं इमानदारीनं निभावलं. तुमच्या मुलाचा एकटा २ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर मागते, दीड टनाचा एसी सात-आठ. त्या काळची तार बहुतेक अॅल्युमिनियमची असेल, ती स्क्रूखाली हळूहळू दबते, सैल होते, जोडावर गंज बसतो अन् तो जोड तापते. वरचं प्लास्टिक कवेलूखालच्या उन्हानं इतकं कडक झालेलं असते की वाकवली की तडकते. बटण गरम लागणं, होल्डर काळा पडणं, मोटर चालू केली की बल्ब मंद होणं, जळका वास, हे काही असेल तर मामाजींना तिथं हात लावून दाखवा, म्हणजे त्यांच्या घराचा अपमान केल्यासारखं वाटणार नाही.

अन् ते चिनीमातीचे फ्यूज जरा पहाल. जुन्या घरात बहुतेक दोन-दोन असतात, एक फेजला अन् एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला तर घर अंधारात जाते पण प्रत्येक पॉइंटवर फेज उभाच राहते, अन् माणूस लाईन गेली समजून हात घालते. म्हणून नियमानं न्यूट्रलला वेगळा फ्यूज चालतच नाही, तोडायचा तर दोन्ही एकासोबत तुटले पाह्यजेत, डबल पोलनं. शिवाय फ्यूजमध्ये कोणीतरी केबलच्या चार-पाच तारा पिळून भरल्या असतील, मी तर सायकलची तार भरलेलीही पाह्यली आहे. चाळीस वर्षांत फ्यूज उडाला नाही याचं कारण कधीकधी हेच असते.

आता पैशाचं. ६५ हजार एकदम लागतच नाहीत अन् वायरमन काही चोर आहे असंही नाही, पूर्ण घराचा पॉइंटप्रमाणे भाव लावला असेल तर तेवढे होऊ शकतात. त्याला म्हणा कागदावर फोडून द्या, किती पॉइंट, कोणती तार, अर्थिंगचे किती, बोर्डाचे किती. अन् सगळ्यात आधी मेगर लावायला सांगा. ५०० व्होल्टचं ते यंत्र तारेचं इन्सुलेशन मोजते, एक मेगाओहमच्या खाली आलेली लाईन काढायची, वरची यंदा राहू द्यायची. मेगर लागला की तुमची, भाऊजींची, वायरमनची बाचाबाची तिथंच संपते.

यंदाच्या २५ हजारात माझ्या मते काय बसवायचं तर खड्डा, मीटरपासून नवीन तांब्याची मेन लाईन, तिच्यावर डबल पोलचा मेन, दोन आरसीसीबी अन् एमसीबीचा एक डबा, अन् मग त्यातून कूलर, फ्रिज अन् स्वयंपाकघराच्या लाईन तिसऱ्या हिरव्या तारेसकट नव्या. मागच्या खोल्यांची लाईन २०११ साली कुठून घेतली ते नक्की पहा, मला शंका आहे ती समोरच्याच जुन्या फ्यूजमधून काढलेली असेल, तसं असेल तर आजही स्लॅबच्या खोल्यांचा सगळा लोड त्या लाकडी पट्टीवरून जाऊन राह्यला अन् तीच सगळ्यात आधी सुटली पाह्यजे. समोरचे बल्ब-पंखे मेगरमध्ये पास झाले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबतील, त्यांच्यावर फक्त ६ अँपिअरची एमसीबी लावा अन् तिथल्या सॉकेटवर इस्त्री-मिक्सर लावणं बंद करा.

तारेचं माप दुकानात तीन-बावीस, सात-बावीस, सात-वीस असं चालते, नव्या हिशेबात साधारण दीड, अडीच अन् चार चौरस मिलीमीटर समजा. बल्ब-पंख्याला दीडची अन् ६ किंवा १० ची एमसीबी, एका लाईनवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅटच्या वर नाही. मोठ्या सॉकेटला अडीचची अन् १६ ची, एका लाईनवर दोनच सॉकेट. गिझरची लाईन त्याची एकट्याची, एसीची चारची तार अन् त्याची एकट्याची. एमसीबी नेहमी तारेच्या मापाची, वस्तूच्या नाही. घडीघडी पडते म्हणून १६ काढून ३२ ची लावली की मग एमसीबी पडत नाही, तार जळते. वेटोळं ९० मीटरचं येते, त्यावर आयएसआय मार्क अन् आयएस ६९४ छापलेलं पहा, फेज लाल, पिवळा नाहीतर निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, अन् वायरमनला म्हणा रंग बदलायचा नाही, कमी पडली म्हणून काळ्याच्या जागी हिरवी तर अजिबात नाही.

मातीच्या भिंतीत झिऱ्या पाडून कन्सील करायच्या भानगडीत पडू नका बरं, शोभेसाठी पोरं म्हणतील. माती ओल धरते, घुशी-उंदीर आत शिरतात, अन् पोपडा पडला की पाईप उघडा. तिथं वरून पीव्हीसी पाईप नाहीतर केसिंग पट्टी, दिसते दिसू द्या, उद्या काही झालं तर उघडून पाहता तरी येते. न्हाणीच्या आत बोर्ड नको, गिझरचं बटण बाहेर.

गिझर पुढच्या थंडीत घ्या, एसी त्याच्या नंतर. एसीच्या आधी वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते वाचा, कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करायचा, त्यासाठी लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तसंही हे काम नियमानं लायसन्सवाल्याकडूनच करायचं असते. गावात मोटर भरणाराच घराची वायरिंगही करते अन् त्यातले बरेच हाताचे चांगले असतात हे मी मान्य करतो, पण मेगर, अर्थिंगचं माप अन् कागदावर सही हे त्यांच्याकडून मिळत नाही. करायचं तर त्याच्याच हातानं करा पण तपासून सही लायसन्सवाल्याची घ्या, अन् ती काम पाहून झालेली पाह्यजे, तालुक्याला बसून नाही. खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या तारेला अन् सीलला मात्र कोणीच हात लावायचा नाही, ते महावितरणचं. अन् घरी इन्व्हर्टर असेल तर काम करताना मेन पाडला तरी त्याची लाईन जिवंत राहते, आधी तो बंद.

पत्रात नाही पण विचारून ठेवतो. आंगणात कपडे वाळवायला लोखंडी तार बांधली आहे का, अन् तिचं एक टोक टिनाच्या मांडवाला आहे का? खांबावरून येणारी सर्व्हिस वायर त्याच टिनाला कुठं घासत असेल तर एखाद्या वादळात तिचं प्लास्टिक निघते, मग टीन, तार अन् तिच्यावरचा ओला लुगडा-टॉवेल सगळं एकच. अन् हे खांब अन् तुमचं मीटर यांच्या मधातलं, तुम्ही बसवलेलं आरसीसीबी तिथं काहीच करू शकत नाही. सर्व्हिस वायर टिनापासून वर उचलून घ्यायला लाईनमनला सांगा अन् तोवर ती लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा, या बाजारालाच घेऊन या.